पहिली रायफल कोणाच्या ऐपतीची?

पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीच्या स्पर्धा प्रत्यक्षात पॅरिसपासून बऱ्याच दूर, शातोरू येथे झाल्या. तेथे १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे या मराठी तरुणाने ५० मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले, आणि १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्याचे गाव. वडील शिक्षक, आणि स्वतः तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महाराष्ट्रातील लाखो शिक्षकांना आणि कारकुनांना हे पदक आपल्या घरातले वाटले, यात नवल नाही.

पदकानंतर जे व्हायचे ते सर्व यथासांग झाले. राज्य शासनाने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, मिरवणुका निघाल्या, कमानी उभ्या राहिल्या. या कौतुकाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही, कारण ते कष्टाने कमावलेले होते. परंतु या जल्लोषाच्या पाठोपाठ अनेक घरांत जो एक साधा प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर मात्र कोणत्याही कमानीवर लिहिलेले नव्हते. नेमबाजी शिकायची म्हणून हट्ट धरून बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला पहिली रायफल कोणती घ्यायची, ती किती रुपयांची, आणि ती घेणे पगारदार माणसाच्या आवाक्यातील आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

खाशाबांच्या खेळाला लंगोट आणि तांबडी माती पुरत असे. हेलसिंकीच्या प्रवासासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली, राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांना त्यांच्यासाठी आपले राहते घर गहाण टाकावे लागले, हे खरे. पण ती अडचण ऑलिंपिकच्या दारात उभे राहिल्यावरची होती, तालमीच्या दारातली नव्हती. नेमबाजीत पैशाचा प्रश्न पहिल्याच पायरीवर उभा राहतो. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरच्या आवारात स्वतःची नेमबाजीची रेंज होती. २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळविणाऱ्या गगन नारंगच्या वडिलांनी त्याच्या रायफलीसाठी भूखंड विकल्याची हकीकत तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापली होती. ही दोन्ही उदाहरणे आदराने सांगितली जातात आणि ती आदरास पात्रही आहेत. मात्र त्यांतून सामान्य पालकाने काढलेला निष्कर्ष असा, की ज्याच्याजवळ रेंज बांधण्याइतके आवार नाही किंवा विकायला भूखंड नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा ठरविण्याची जबाबदारी पालकांइतकीच शासनाची आणि क्रीडासंघटनांचीही आहे.

शिकारीकडून खेळाकडे

आपल्याकडे ‘स्पोर्टिंग रायफल’ या शब्दाभोवती अजून जुन्या शिकारीचे वलय आहे. संस्थानिकांच्या वाड्यातील भिंतीवर टांगलेली बंदूक आणि तिच्याखाली वाघाचे मुंडके असे चित्र हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे येते. इंग्रजी अमदानीत लष्करी मापाची काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत असा दंडक होता. त्यामुळे ‘थ्री नॉट थ्री’ऐवजी .३१५ या मापाच्या रायफली नागरी वापरासाठी रूढ झाल्या, आणि स्वातंत्र्यानंतरही इछापूरच्या सरकारी कारखान्यात त्या बनत राहिल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले आणि ते योग्यच झाले. तेव्हापासून या देशात रायफलीचा खेळ म्हणजे कागदाच्या, आणि आता इलेक्ट्रॉनिक, लक्ष्यावर नेम धरण्याचा खेळ.

या खेळाची पायाभरणी एका मराठी माणसाने केली, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी एक पायरी आहे. शस्त्र हाताळण्याची शिस्त सामान्य नागरिकाला लागावी, हा विचार त्या काळी नव्या प्रजासत्ताकाच्या घडणीचा भाग मानला जात होता. तो विचार पुढे जिवंत राहिला तो मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसेनेच्या निमित्ताने रायफल हाती घेतलेली अंजली वेदपाठक, म्हणजे पुढे अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत खेळली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. यांपैकी कोणीही संस्थानिकांच्या वाड्यातून आलेले नव्हते.

कायदा काय म्हणतो

नवख्या पालकाला पहिली भीती वाटते ती कायद्याची. रायफल म्हणताच परवाना, पोलीस चौकशी आणि कचेरीचे हेलपाटे डोळ्यांसमोर उभे राहतात. दारूगोळ्यावर चालणाऱ्या, ५० मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या .२२ रायफलीच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. तिला परवाना लागतो, परवान्यासाठी २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि त्याहून लहान मुलांना नियमांनी मुभा दिली आहे ती देखरेखीखालील प्रशिक्षणापुरती. पहिली रायफल मात्र ही नव्हे. पहिली रायफल हवेच्या दाबावर चालणारी, ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवाई शस्त्राची नळी याहून रुंद नाही आणि ज्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, त्यास परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. तेव्हा खरेदी रीतसर दुकानातून, ओळखपत्र देऊन आणि पावती घेऊन केली, तर सुशिक्षित माणसाने घाबरण्याचे कारण नाही.

घाबरावे ते दुसऱ्याच गोष्टीला. दुकानदार पुष्कळदा ‘अधिक जोराची’ बंदूक ग्राहकाच्या गळ्यात मारू पाहतो, आणि ग्राहकालाही जोर म्हणजे गुणवत्ता असे वाटते. १० मीटरवरच्या लक्ष्याला जोराची गरजच नाही. तेथे छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने गेला तरी पुरतो. जोर वाढला की धक्का वाढतो, आवाज वाढतो, अचूकपणा कमी होतो, आणि कायद्याची मर्यादा ओलांडण्याचा धोका उभा राहतो. शिकाऊ मुलासाठी जोरदार बंदूक घेणे म्हणजे सायकल शिकणाऱ्याला फटफटी देण्यासारखे आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

हा खेळ किती सूक्ष्म आहे हे समजल्याशिवाय रायफलीची निवड नीट करता येत नाही. १० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छापील मजकुरातील पूर्णविरामाएवढा असतो. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत चुकला तरी चालतो. रायफलीवरील पुढची माशी आणि मागची दृष्टी यांत साधारण ८० सेंटिमीटरचे अंतर धरले, तर माशीजवळ एक दशांश मिलिमीटरची चूक लक्ष्यावर सव्वा मिलिमीटरची होते. याचा अर्थ असा, की डोळ्यापुढे दोन दशांश मिलिमीटर चुकले की दहा गुण हातचे जाण्याची वेळ येते. असे ६० बार ७५ मिनिटांत काढायचे असतात. १९८४ साली लॉस एंजल्सला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून जगभरच्या कारखानदारांची सारी बुद्धी या अडीच मिलिमीटरच्या वर्तुळाभोवती फिरत आली आहे.

या रायफलींच्या मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची आणि चाप ओढला की ती सुटून हवा कोंडते व छर्रा ढकलते. ही सर्वांत स्वस्त, देशात बनणारी आणि दुरुस्तीस सोपी. तिचा दोष असा, की छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच स्प्रिंगच्या हिसक्याने बंदूक हलू लागते. १९६० च्या दशकात जर्मन कारखान्यांनी हा धक्का शोषून घेणाऱ्या रायफली बनविल्या, पण त्या स्वस्त राहिल्या नाहीत. दुसरी जात एका दांड्याने हवा भरण्याची. प्रत्येक बारापूर्वी दांडा एकदा दाबायचा. हिच्यात हिसका जवळजवळ नसतो आणि वेगळ्या पंपाची गरजही नाही. तिसरी जात आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरची, आज स्पर्धांत सर्वत्र दिसणारी. तिच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. सायकलच्या चाकातील हवेच्या कित्येक पटींचा हा दाब आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती हाताळताना शिस्त का लागते ते कळेल.

किमतीचा हिशेब याच क्रमाने चढत जातो. देशी स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, आन्शुट्झ या जर्मन किंवा स्टायर या ऑस्ट्रियन कारखान्यांची स्पर्धेची रायफल लाखाच्या पुढे जाते, आणि वरच्या श्रेणीतील असेल तर लाखाचेही पाढे म्हणावे लागतात. या दोहोंच्या मध्ये अलीकडे देशात बनू लागलेल्या सिलिंडरच्या रायफली आहेत.

पालकांची चूक होते ती येथेच. एक वर्ग सर्वांत स्वस्त मिळेल ती बंदूक जत्रेतल्या खेळण्यासारखी आणून देतो आणि मुलगा सहा महिन्यांत कंटाळला की हा खेळ आपला नव्हे म्हणून मोकळा होतो. दुसरा वर्ग कर्ज काढून पहिल्याच दिवशी परदेशी रायफल घेतो. मग त्या रायफलीचे हप्ते आणि घरच्यांच्या अपेक्षा या दोन्हींचे ओझे त्या कोवळ्या खांद्यावर येते, आणि साडेपाच किलोच्या मर्यादेतली रायफलही त्याला मणाची वाटू लागते. वस्तुतः नवशिक्याच्या हाताचा कंप हा कोणत्याही बऱ्या रायफलीच्या दोषाहून कितीतरी मोठा असतो. ज्याचे बार अजून चार सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरतात, त्याला पाच छर्रे एकाच छिद्रातून पाठविणाऱ्या रायफलीचा उपयोग काय? टेकणीवर ठेवून काढलेले पाच बार बोटाच्या नखाएवढ्या जागेत पडत असतील, तर ती रायफल पहिल्या वर्षाला पुरेशी आहे. दुकानात किंवा रेंजवर हीच एक परीक्षा आग्रहाने करून घ्यावी, बाकीचे गुणगान ऐकून सोडून द्यावे.

महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत उघड्या माशीच्या, म्हणजे ‘ओपन साइट’च्या रायफलीसाठी आणि ‘पीप साइट’च्या रायफलीसाठी स्वतंत्र गट आहेत, ही व्यवस्था पालकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. साध्या देशी रायफलीनेही जिल्ह्याच्या पातळीवर मुलाला उतरता येते. स्प्रिंगच्या हिसक्याचाही एक गुण आहे. बार सुटल्यानंतरही क्षणभर तसेच स्थिर राहिले नाही तर ही रायफल लगेच चुगली करते, आणि जो तिच्यावर स्थिर राहायला शिकला त्याला पुढे महागडी रायफल शिकविण्यासारखे थोडेच उरते.

घडविणे म्हणजे काय

रायफल ‘घडविण्या’विषयीही चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत उत्साह आणि अज्ञान यांची गाठ लवकर पडते. नळी कापणे, स्प्रिंग बदलून जोर वाढविणे, चापाची यंत्रणा कानशीने घासून हलकी करणे, असले उद्योग गल्लीतल्या लेथवर करून घेणारे लोक आहेत. परवान्याशिवाय शस्त्र बनविणे किंवा त्याचे रूप पालटणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शिवाय घासून हलका केलेला चाप नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो, आणि समोर कोण उभे आहे हे छर्ऱ्याला कळत नाही.

खरी घडण लाकडाची असते. रायफल माणसाच्या मापाची असावी लागते, आणि कारखान्यातला दस्ता बहुधा प्रौढ माणसाच्या मापाने कातलेला असतो. तेरा वर्षांच्या मुलीला तो लांब पडतो. ती मान पुढे काढते, पाठ वाकविते आणि महिनाभरात तिला तीच सवय लागते. दस्त्याच्या मागच्या टोकाची लांबी कमी-अधिक करणे, गालाखाली योग्य उंचीची लाकडी पट्टी बसविणे, डाव्या हाताखाली टेकू देणे ही कामे जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली साधा सुतारही करू शकतो. डोळे मिटून रायफल गालाशी धरावी आणि डोळे उघडताच माशी आपोआप समोर दिसावी, इतकी ती बसली पाहिजे. लाखाच्या रायफलीत हेच सारे स्क्रू फिरवून करता येते. स्वस्त रायफलीत ते रंध्याने करावे लागते, एवढाच फरक.

जुनी रायफल घेणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. वरच्या श्रेणीत गेलेले नेमबाज आपली जुनी रायफल विकत असतात आणि चांगल्या निगराणीतील रायफल वर्षानुवर्षे टिकते. मात्र घेताना नळीत गंज नाही, हवा गळत नाही आणि दस्त्याला तडा नाही हे पाहावे. सिलिंडरच्या रायफलीत सिलिंडरवर कोरलेले निर्मितीचे वर्ष आवर्जून वाचावे, कारण निर्मात्यांनी त्याच्या वापराला वर्षांची मर्यादा घातलेली असते. मर्यादा उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला, तर तो स्वस्त का मिळाला याचा विचार करावा.

रायफल एकदा, छर्रे रोज

घरातला हिशेब मांडणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. रायफल एकदा घ्यावी लागते, छर्रे रोज लागतात. दिवसाला ६० बार आणि महिन्याला २५ दिवस सराव धरला तर महिन्याला १,५०० छर्रे होतात. ५०० छर्ऱ्यांच्या डबीच्या हिशेबाने महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस डब्या. त्यावर रेंजची फी, प्रशिक्षकाचे मानधन आणि पुढे केव्हातरी नेमबाजीचा जाड कोट व विजार यांचा खर्च. सारे पैसे रायफलीत घालून छर्ऱ्यांसाठी हात आखडणारा पालक म्हणजे पेटी विकत घेऊन मास्तरांची शिकवणी बंद करणारा गृहस्थ होय. नेमबाज घडतो तो नियमित सरावाने, आणि त्यातला मोठा भाग छर्ऱ्याशिवायही करता येतो. भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, श्वास सोडत चाप ओढण्याचा कोरडा सराव घरच्या खोलीत होऊ शकतो. मात्र प्रत्येक रायफलीत रिकामा चाप ओढणे योग्य नसते, स्प्रिंगच्या रायफलीत तर नाहीच. तेव्हा तो प्रशिक्षकाला विचारूनच करावा. निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडामानसशास्त्राचे अभ्यासक भीष्मराज बाम यांनी नाशिकला राहून अनेक खेळाडूंना एकाग्रतेचे जे धडे दिले, त्यांना बाजारात किंमत नव्हती. पण नेमबाजांच्या लेखी ते कोणत्याही परदेशी यंत्राइतकेच मोलाचे ठरले.

आणखी एक खर्च असा आहे की तो पैशांत मोजता येत नाही, आणि तो म्हणजे दक्षतेचा. परवाना लागत नाही म्हणून हवेची रायफल खेळणे ठरत नाही. तिचा छर्रा डोळा फोडू शकतो. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या जागी, नळीचे तोंड कधीही माणसाकडे नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या अनुपस्थितीत हात लावणे नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून घरात असले पाहिजेत. झाडावरच्या पाखरांवर नेम धरून ‘सराव’ करणाऱ्या मुलाची रायफल त्याच दिवशी काढून घ्यावी. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या संयमासाठी हा खेळ शिकायचा त्याच संयमाचा तो पराभव आहे.

यशानंतर की यशाआधी?

पालकांनी करावयाचे ते येथे संपते आणि शासनाने करावयाचे येथे सुरू होते. परदेशी शस्त्रांच्या आयातीवर सीमाशुल्काची जी सवलत आहे, ती ‘नामवंत’ नेमबाजांना मिळते. नामवंत होण्यासाठी ठराविक स्पर्धांत ठराविक गुण मिळवावे लागतात आणि ते गुण मिळविण्यासाठी बहुधा तीच परदेशी रायफल लागते. ज्याला सवलतीची सर्वाधिक गरज आहे त्याच्यासाठी दार बंद आणि ज्याने दार ओलांडले त्याच्यासाठी उघडे, अशी ही उफराटी रचना आहे. पारितोषिकांचेही तेच. यशाच्या मागे धावणारे औदार्य यशाच्या आधी कोठे असते, हा प्रश्न खाशाबांच्या काळीही होता आणि आजही आहे. एका कोटीच्या पारितोषिकाची रक्कम वीस हजारांना एक या दराने मोजली तर पाचशे रायफली होतात. पारितोषिक देऊ नये असा याचा अर्थ नाही. पारितोषिकाइतकीच रक्कम पायथ्याशीही खर्ची पडावी, एवढाच अर्थ आहे.

त्यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक मुलाच्या घरी रायफल असणे मुळीच गरजेचे नाही. शाळेच्या ग्रंथालयात जसे पुस्तक, तशी तालुक्याच्या क्रीडा संकुलात रायफल असावी. दहा मीटर लांबीची बंदिस्त खोली, मागे छर्रे अडविणारी भक्कम भिंत, चार ठाणी, आठ-दहा देशी रायफली, कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि एक प्रशिक्षित शिक्षक एवढ्यावर हे केंद्र चालू शकते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल संघटनेची रेंज आहे, पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिलेले बालेवाडीचे संकुल आहे, कोल्हापुरात दुधाळीचे केंद्र आहे. कोल्हापूरने एकामागोमाग एक नेमबाज का दिले, याचे उत्तर रक्तात किंवा पाण्यात शोधण्याची आवश्यकता नाही. जेथे सामान्य घरातल्या मुलाला पायी जाऊन रायफल हातात घेता आली, तेथे नेमबाज निर्माण झाले. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून स्वप्नील कुसाळे घडला, यातही हाच बोध आहे. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीच्या मुलाला मात्र आजही रायफल पाहायची तर पोलिसाच्या खांद्यावर.

शाळकरी मुलांच्या हाती शस्त्र देणे कितपत इष्ट, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची टवाळी करणे योग्य नव्हे. आजच्या पडद्यावर बंदुकीचे जे उथळ उदात्तीकरण चालते ते पाहता पालकांना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून मुलामुलींना रायफल चालविण्याचे शिक्षण देत आली आहे, आणि त्यामुळे समाजात हिंसा वाढली असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. रेंजवर आज्ञेशिवाय रायफल उचलता येत नाही, आज्ञेशिवाय छर्रा भरता येत नाही, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर चापावरचे बोट तत्क्षणी काढावे लागते. आज्ञा कोणाची आणि का पाळायची हे इतक्या स्पष्टपणे शिकविणारे दुसरे वर्ग फार थोडे आहेत. चोरून हाताळलेल्या बंदुकीपेक्षा शिस्तीत हाताळलेली रायफल समाजाला केव्हाही कमी धोक्याची.

देशी कारखानदारीचा विचारही याच संदर्भात व्हावयास हवा. इछापूरसह आयुध निर्माणी कारखान्यांची २०२१ साली सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली. खासगी क्षेत्रात महाराष्ट्रातही हवाई रायफली बनविणारे कारखाने उभे राहिले आहेत. या कारखान्यांना शालेय केंद्रांची खात्रीची मागणी मिळाली तर किंमत उतरेल आणि दर्जा चढेल. तसेच लहान चणीच्या मुलांना पेलेल असा आखूड दस्ता, सुटे भाग तालुक्यापर्यंत मिळण्याची सोय आणि नळीच्या अचूकपणाची छापील हमी, या तीन अटी खरेदीदार म्हणून शासनाने घातल्या पाहिजेत. नुसती देशीपणाची शपथ घालून निकृष्ट माल मुलांच्या हाती देणे हा खेळावर आणि स्वदेशीवरही अन्याय ठरेल.

पगारदार माणसाला आपल्या मुलाच्या आवडीसाठी काटकसर करण्याची सवय असते. पाठ्यपुस्तके, शिकवणी, सायकल, हार्मोनियम यांसाठी त्याने आजवर ती केली आहे, आणि साध्या देशी रायफलीसाठीही तो ती करील. विकण्यासाठी भूखंड मात्र त्याच्याजवळ नाही, आणि मुलाच्या खेळासाठी तो असावा लागू नये. कांबळवाडीच्या शिक्षकाचा मुलगा शातोरूपर्यंत पोहोचला, कारण वाटेत कोठेतरी एक सार्वजनिक दार उघडे होते. तसे दार प्रत्येक तालुक्यात उघडले गेले, तर पुढच्या पदकासाठी महाराष्ट्राला आणखी ७२ वर्षे वाट पाहावी लागणार नाही.